चिन्ह एक, माती वेगळी: घणसोलीतल्या एका सॉईल रिपोर्टचं प्रकरण

घणसोलीत गावठाणाच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला, तीन भावांचा एक प्लॉट आहे. जुनं बैठं घर पाडून तिथे स्टिल्ट आणि वर चार मजले असं बांधायचं ठरलं. सॉईल रिपोर्ट झाला. त्यावरून आरसीसी कन्सल्टंटने पायाचं डिझाइन दिलं: ३०० मिमी व्यासाचे, साडेचार मीटर खोल अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे बुडाशी फुगा असलेले खांब. पहिल्याच भोकाला काम अडलं. फुगा कापायचं अवजार आत फिरवून वर काढलं की भोक खालून मिटायचं. संध्याकाळी साडेचार मीटर असलेली खोली सकाळी तीन मीटरही भरत नव्हती, आणि वर काळपट पाणी उभं असायचं. पायलिंगवाला म्हणाला, माती खराब आहे, जादा रेट लागेल. थोरल्या भावाने मला फोन केला आणि पहिलंच वाक्य असं होतं: "साहेब, रिपोर्टला पैसे मोजलेत, लॅबमध्ये टेस्टही झाल्यात. मग आता माती खराब कशी?"

माती खराब नव्हती. रिपोर्टात तिचं नाव चुकलं होतं. गंमत म्हणजे लॅबने दिलेलं वर्गीकरणाचं चिन्ह मात्र बरोबर होतं. हे सगळं लिहून काढतोय ते या गाठीसाठीच.

रिपोर्टातला बोअर लॉग, म्हणजे भोक पाडताना लागलेल्या थरांची नोंद, असा होता. वरून २.५ मीटरपर्यंत "पिवळसर मुरूम". तिथून ९ मीटरपर्यंत "काळी कापसाची माती, सीएच". सीएच म्हणजे जास्त प्लास्टिसिटीची चिकणमाती; लॅबचं ते चिन्ह हेच. त्याखाली पुन्हा "मुरूम", मग "नरम खडक". चार थर, चार ओळी. रंगासाठी एकच शब्द. ओलावा, वास, भेगा, शिंपले, मुळं यांतलं काहीच नाही. थर कशाने बनला, इथे कसा आला, त्याचाही उल्लेख नाही.

मात्र शेजारच्या रकान्यात एन-मूल्यं होती, आणि बोअरिंगवाल्या पोरांनी ती इमानदारीने लिहिली होती. ही स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट: ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमी उंचीवरून सोडायचा, पहिले १५ सेंमी सोडून द्यायचे आणि पुढचे ३० सेंमी नळी आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं. काळ्या थरात आकडे होते २, २, ३, २. चिकणमातीत दोन-चार ठोके म्हणजे माती मऊ, दोनच्या खाली म्हणजे अतिमऊ. सोलापूर-परभणीकडची काळी माती पावसाळा सोडला तर हातोड्याला असा रस्ता देत नाही. ती सुकलेली, ताठ असते. उन्हाळ्यात तिच्या भेगांत काठी उभी राहते. दोन ठोक्यांची आणि साडेसहा मीटर जाडीची काळी कापसाची माती समोर आली तर लॉग लिहिणाऱ्याने तिथेच थांबून नमुना पुन्हा हातात घ्यायला हवा होता. आकडा एक सांगतोय आणि नाव दुसरंच. दोन्ही एकाच ओळीत छापलेले होते, तरी रिपोर्ट तीन सह्यांखालून निघून गेला.

एवढ्यावरून लगेच निकाल द्यायचा नव्हता. "कोकणात कुठली आलीय काळी माती" असं म्हणून मोकळं होणारे बरेच असतात, पण ते खरं नाही. उत्तर कोकणात बेसॉल्टच्या डोंगरांमधल्या सखल खोऱ्यांत मध्यम काळी माती सापडते. त्यामुळे प्लॉट नवी मुंबईत आहे हा पुरावा होत नाही. पुरावा थरातच शोधावा लागतो.

जेसीबी बोलावून प्लॉटच्या कोपऱ्यात खड्डा घेतला. वरच्या "पिवळसर मुरमात" विटांचे तुकडे निघाले, टाइल्सची कपची निघाली, एक चप्पल निघाली. हा मुरूम खरा, पण इथला नव्हे. कुठल्या तरी टेकडीचा कापून ट्रकने आणलेला, त्यात राबिट मिसळलेलं, थर देऊन दाबलेला नाही. लॉगमध्ये वरच्या थरालाही मुरूम आणि नऊ मीटरखालच्या थरालाही मुरूमच लिहिलं होतं. खालचा म्हणजे जागेवरच झिजलेला बेसॉल्ट. त्याने अजून खडकाची ठेवण धरून ठेवलेली असते आणि तो वजन घेतो. वरचा भराव स्वतःच खालच्या मातीवरचं वजन आहे. दोघांची चाळणी केली तर दोन्ही खडीदार-मातकट गटात, जीएम किंवा जीसीमध्ये, जाऊन बसतील. हा या रिपोर्टातला पहिला गोंधळ. मोठा गोंधळ त्याच्या खाली होता.

२.६ मीटरवर भराव संपला आणि १५ सेंमी जाडीचा पट्टा दिसला. लॉगमध्ये तो नव्हता, आणि असणारही नव्हता, कारण बोअरमध्ये दर दीड मीटरला नमुना घेतात. मधल्या पट्ट्या नशीब असेल तरच नळीत सापडतात. पट्टा गडद तपकिरी, बारीक मुळांच्या धाग्यांनी विणलेला. प्रत्येक मुळाच्या वाटेभोवती गंजाच्या रंगाची नळी. हा भाताच्या खाचराचा जुना पृष्ठभाग होता, भरावाखाली गाडलेला. भावांचे चुलते काठावर उभे होते. त्यांनी वाकून पाहिलं आणि सांगितलं की हा आमचा खारीचा, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतीचा, तुकडा, पलीकडे बांध होता, बांधाला उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडप, होती, उधाणाला बांध फुटला की दोन वर्षं भात व्हायचं नाही. त्यापलीकडे मिठाची आगरं. रिपोर्ट लिहायच्या आधी कोणीतरी त्यांच्याशी बोललं असतं तर अर्धं काम तिथेच झालं असतं. जागेचा इतिहास विचारणं हा माती तपासणीचाच भाग आहे. माती तपासणीचा भारतीय मानक कोड तेच सांगतो आणि बोअरिंगच्या घाईत तेच पहिलं सुटतं.

पट्ट्याच्या खाली माती करडी, निळसर झाक असलेली. बोटाने दाबली तर बोट आत गेलं. मुठीत आवळली तर बोटांच्या फटींतून बाहेर आली. अतिमऊ मातीची ही साधी खूण. वास सडक्या अंड्याचा, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडचा: हवा नसलेल्या जागी सेंद्रिय पदार्थ कुजत पडल्याची निशाणी. आत शिंपल्यांचे पांढरे तुकडे. चाकूने कापलेली बाजू सलग, एकाही भेगेशिवाय. आम्लाचे थेंब टाकल्यावर फेस आला, पण त्यावर भिस्त ठेवली नाही, कारण शिंपले जसे फसफसतात तसेच काळ्या मातीतले चुनखडीचे खडेही फसफसतात. बाहेर काढलेलं ढेकूळ वाऱ्यावर राहिलं तेव्हा तासाभरात निळी झाक जाऊन ते तपकिरी पडायला लागलं. हवेत लोखंडाचा गंज होतो, रंग बदलतो. म्हणून रंग खड्ड्यात, ओल्या मातीचा, मन्सेलच्या रंगपट्टीशी ताडून लिहायचा असतो. पेटीतला नमुना लॅबमध्ये पोचेपर्यंत "काळपट" एवढंच म्हणण्याजोगा होतो. या रिपोर्टात नेमकं तेच झालं असावं.

काळ्या कापसाच्या मातीत काय दिसायला हवं होतं? फुगण्या-आकसण्याने एकमेकांवर घासून तुळतुळीत झालेले तिरपे पृष्ठभाग, पाचरीसारखे गड्डे, खोल भेगा, भेगांतून खाली पडलेली वरची माती. मातीशास्त्रात या मातीला व्हर्टिसॉल म्हणतात आणि ती ओळखताना याच खुणा बघतात: चिकणमातीचं प्रमाण किमान ३० टक्के, ऋतूनुसार उघडमीट करणाऱ्या भेगा आणि ते घासलेले पृष्ठभाग किंवा पाचरी. आमच्या खड्ड्यात यांतली चिकणमाती होती, बाकीचं काही नव्हतं. भरती-ओहोटीच्या पाण्याखाली जन्मलेली आणि कधीच न सुकलेली माती भेगाळणार कशी?

आता लॅबकडे येऊ. थोरल्या भावाचा खरा प्रश्न तिथेच होता.

आपल्याकडे अभियांत्रिकी वर्गीकरण आयएस १४९८ प्रमाणे होतं, १९७० ची आवृत्ती. मुळात ही आर्थर कासाग्रांदे यांची पद्धत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानतळांच्या धावपट्ट्यांसाठी त्यांनी ती बसवली आणि १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. आधी ७५ मायक्रॉनची चाळणी. निम्म्याहून जास्त माती वर राहिली तर जाड, खाली गेली तर बारीक. बारीक मातीला मग दोन मर्यादा विचारायच्या. त्या स्वीडिश रसायनतज्ज्ञ आल्बर्ट आटरबेर्ग यांनी १९११ मध्ये मांडल्या. लिक्विड लिमिट: पितळी वाटीतल्या मातीला पाडलेली चीर २५ ठोक्यांत मिटते तेव्हाचा ओलावा. प्लास्टिक लिमिट: काचेवर वळलेली सुतळी ३ मिमी जाड असताना तुटायला लागते तेव्हाचा ओलावा. दोन्हींतला फरक म्हणजे प्लास्टिसिटी इंडेक्स. लिक्विड लिमिट ३५ च्या आत तर एल, ३५ ते ५० मध्ये आय, ५० च्या वर एच. हा मधला आय भारतीय कोडने घातलेला आहे, मूळ पद्धतीत तो नाही. मग ए-रेषा: लिक्विड लिमिटमधून २० वजा करून ०.७३ ने गुणायचं. प्लास्टिसिटी इंडेक्स त्याच्या वर आला तर चिकणमाती, सी. खाली आला तर पोयटा किंवा सेंद्रिय.

पहिल्या रिपोर्टात लिक्विड लिमिट ६९, प्लास्टिक लिमिट २८, इंडेक्स ४१. ए-रेषा ३५.८. माती वर, म्हणून सीएच. आम्ही पातळ भिंतीच्या नळीत, तोंडं मेणाने बंद करून, नवा नमुना नेला आणि तो न वाळवता तपासला. लिक्विड लिमिट ८४, प्लास्टिक लिमिट ३२, इंडेक्स ५२. ए-रेषा ४६.७. पुन्हा सीएच. म्हणजे लॅब चुकलीच नव्हती. काळी कापसाची माती सीएच असते, खाडीचा गाळही सीएच असतो.

कारण उघड आहे, फक्त कोणी लक्षात घेत नाही. या दोन्ही चाचण्या ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेल्या, पाणी घालून मळलेल्या मातीवर होतात. मळताना भेग मोडते, थर मोडतो, शिंपला चाळणीवर राहतो, मूळचा ओलावा पुसला जातो. कणकेवरून गहू कुठल्या शिवारातला ते कळत नाही, तसंच. सीएच हे चिन्ह मातीच्या कणांचा आणि खनिजांचा स्वभाव सांगतं. ती माती जमिनीत कुठल्या अवस्थेत बसली आहे, हे सांगायचं काम थराच्या वर्णनाचं. कोडमध्येही चिन्हाबरोबर वर्णन द्यायची अपेक्षा आहेच. पण रिपोर्टात चिन्हाचा रकाना ठळक आणि वर्णनाचा रकाना एवढुसा, आणि डिझाइनवाला ठळक रकानाच वाचतो.

लॅबच्या दोन आकड्यांमध्ये ६९ आणि ८४ एवढी तफावत का, हेही सांगायला हवं. पहिल्या रिपोर्टाच्या परिशिष्टात लिहिलं होतं की नमुना भट्टीत वाळवून, कुटून घेतला. आम्ही आपल्या नमुन्याचाच एक भाग मुद्दाम तसा वाळवून तपासला, तर लिक्विड लिमिट ७० आली. सेंद्रिय अंश असलेली आणि खाडीतली माती एकदा भट्टीत वाळली की पहिल्याइतकं पाणी पुन्हा धरत नाही. ही घट जास्त असती, वाळवलेला आकडा न वाळवलेल्याच्या पाऊणपटीपेक्षा खाली गेला असता, तर मातीला सेंद्रिय म्हणून ओएच लिहावं लागलं असतं. इथे ती ०.८३ पट होती, म्हणून सीएच कायम राहिलं.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा मात्र वेगळाच. पहिल्या रिपोर्टात नैसर्गिक ओलावा ४१ टक्के, आमच्या मेणबंद नमुन्यात ७९. पिशवी नीट न बांधता नमुना उन्हात पडला की हे होतं. ४१ टक्के घेतले तर माती प्लास्टिक लिमिटपासून लिक्विड लिमिटपर्यंतच्या वाटेवर जेमतेम तिसऱ्या हिश्शापर्यंत आलेली दिसते, म्हणजे बऱ्यापैकी घट्ट. ७९ घेतले तर ती नव्वद टक्के वाट चालून गेलेली, जवळजवळ द्रवाच्या दारात. काळ्या कापसाच्या मातीचं चित्र पक्कं व्हायला हा सुकलेला आकडा कारणीभूत झाला. त्यात फ्री स्वेल इंडेक्स ६० टक्के आला, की झालं, "फुगणारी माती". पण ती चाचणीसुद्धा भट्टीत वाळवलेल्या दहा ग्रॅम पुडीवर, पाण्यात आणि केरोसिनमध्ये करतात. जी माती जागेवर बारा महिने भूजलाखाली आहे, ती आणखी पाणी कुठून पिणार आणि कशी फुगणार? चाचणी बरोबर, पण ती या थराला लागूच होत नव्हती.

नावावरून पाया कसा ठरला ते आता उलगडतं. अंडर-रीम्ड पाइल रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने फुगणाऱ्या काळ्या मातीसाठीच रुळवले. ऋतूप्रमाणे ओलावा बदलणारा वरचा साधारण साडेतीन मीटरचा पट्टा ओलांडून खालच्या स्थिर, ताठ मातीत फुगा अडकवायचा, ही त्यामागची कल्पना. उत्तम कल्पना, आणि आयएस २९११ च्या तिसऱ्या भागात तिचं सगळं गणित आहे. इथे मात्र साडेतीन मीटरखाली ताठ माती नाही, खालीही तेच दही. डिझाइनमध्ये एका पाइलला १२ टन धरले होते. आम्ही जागेवर व्हेन शिअर टेस्ट घेतली, म्हणजे पात्यांचं अवजार मातीत रुतवून फिरवलं आणि माती किती जोर धरते ते मोजलं, ताकद आली चौरस मीटरला १५ किलोन्यूटनच्या आसपास. ७५ सेंमीच्या फुग्याचं क्षेत्रफळ ०.४४ चौरस मीटर. चिकणमातीसाठीचा नेहमीचा गुणक नऊ; नऊ गुणिले १५ गुणिले ०.४४ म्हणजे साधारण ६० किलोन्यूटन, सहा टन, तेही कोसळण्याच्या क्षणी. अडीचचा सुरक्षा गुणांक लावला की अडीच टनांच्या आत. बारा कुठे आणि अडीच कुठे.

शिवाय दांड्याचं घर्षण मदतीला येण्याऐवजी उलटं लागणार होतं. २.६ मीटर भरावाचं ओझं चौरस मीटरला साडेचार टनांहून जास्त भरतं. ते पडल्यापासून खालचा गाळ पाणी सोडत बसतो आहे. मृदा-यांत्रिकीचे जनक तर्झागी यांच्या सिद्धांताप्रमाणे याला लागणारा काळ पाण्याच्या वाटेच्या लांबीच्या वर्गाने वाढतो, म्हणून जाड थर वर्षानुवर्षं खचत राहतात. शेजारच्या आळीत घराच्या पहिल्या पायरीखाली आणखी एक पायरी बांधावी लागलेली दिसते, ती याच कारणाने. खचणारी माती पाइलला धरून खाली ओढते.

इथे एक आडवाट घेतो, कारण प्रश्न मलाही कुतूहलाचा वाटला. हाच खड्डा एखाद्या मातीशास्त्रज्ञाने, म्हणजे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रातल्या किंवा नागपूरच्या मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या माणसाने पाहिला असता तर? त्या माणसाचं वाचन रशियन मातीशास्त्रज्ञ दोकुचायेव यांच्या परंपरेतलं. रशियन काळ्या मातीवरचा दोकुचायेव यांचा ग्रंथ १८८३ चा, आणि वरून ए, बी, सी अशी थरांना अक्षरं द्यायची रीत तिथून पुढे रुजली. मातीशास्त्रज्ञाने त्या मुळांच्या पट्ट्याला ए म्हटलं असतं आणि गाडला गेल्याची खूण म्हणून पुढे छोटं बी जोडलं असतं. निळसर करड्या मातीला पाणथळपणाचं जी लावलं असतं. घासलेले पृष्ठभाग असते तर दोन एस लावले असते, आणि ते दोन एस नसणं हेच इथे निकाल देणारं ठरलं असतं. भराव पडण्यापूर्वी ही जमीन एन्टीसॉल किंवा इन्सेप्टिसॉल या तरुण, कमी घडलेल्या मातींच्या पाणथळ उपगणात बसली असती, व्हर्टिसॉलमध्ये नाही. पण अमेरिकी सॉईल टॅक्सॉनॉमीत मातीची खालची हद्द दोन मीटर. भराव २.६ मीटर. त्यामुळे आज त्या पद्धतीने या प्लॉटची माती म्हणजे चप्पल-विटांसकट नुसता भराव! भाताला जमीन कशी लागेल हे विचारणाऱ्याला दोन मीटर पुरतात, इमारत उभी करणाऱ्याला खडकापर्यंत जावं लागतं.

नवीन बोअर १५ मीटरपर्यंत नेलं. गाळ ९.८ मीटरला संपला, तिथून साडेअकरापर्यंत जागेवरचा मुरूम, पुढे झिजलेला आणि मग बऱ्यापैकी सलग बेसॉल्ट. पाया बदलून ६०० मिमीचे बोअर्ड पाइल घेतले, गाळातून तात्पुरता लोखंडी लायनर, बूड खडकात रुतवलेलं. गाळाची आणि भरावाची उलटी ओढ प्रत्येक पाइलला वीस-तेवीस टन धरली. माती खारी असल्याने काँक्रीटचा दर्जा आणि सळ्यांवरचं काँक्रीटचं कव्हरही वाढवलं. खर्च वाढला, धाकट्या भावाने तोंड वाकडं केलं, ते साहजिकच होतं.

लॉगमधली ती ओळ नव्याने लिहिली: "२.६ ते ९.८ मी. अतिमऊ ते मऊ, निळसर गडद करडी, हवेत तपकिरी होणारी चिकणमाती, पूर्ण संपृक्त, शिंपल्यांचे तुकडे व कुजक्या वनस्पतींचे धागे, सडक्या अंड्याचा वास, भेगा व घासलेले पृष्ठभाग नाहीत, वर १५ सेंमी जुना शेतपृष्ठ, उगम: खाडीचा गाळ, सीएच." आरसीसी कन्सल्टंटला ओळ लांब वाटली. त्याला एवढंच विचारलं की यातला कुठला शब्द काढला तर ती पुन्हा काळी कापसाची माती होऊ शकेल. त्याने एकही काढला नाही.

इमारत आता खडकावर आहे, पण स्टिल्टमधली पार्किंगची जमीन आणि कुंपणाची भिंत भरावावरच राहिली. ती खचणार, त्याला इलाज नाही. भावांना तिथे कोटा फरशी हवी होती. त्याऐवजी पेव्हर ब्लॉक घ्यायला लावले, म्हणजे उचलून खाली वाळू भरून पुन्हा बसवता येतील. ड्रेनेजची लाइन इमारतीतून बाहेर पडते तिथे लवचीक सांधा दिला. कुंपणाच्या भिंतीला इमारतीपासून सुटी ठेवून दर काही मीटरला फट सोडली.